शाल-नारळ पुरे, दर ठरवा

एप्रिल संपला. मांडव उतरले. निळ्या पताका दोऱ्यावर फाटून लोंबतायत. डीजेची ट्रॉली पुढल्या ऑर्डरवर गेली. आता हिशेब. वस्तीवस्तीतल्या जयंती कमिट्या वही उघडून बसतील आणि खर्च वाचून दाखवतील : डीजे, लायटिंग, जनरेटर, फ्लेक्स, फेटे, फटाके, जेवणावळ, पाहुण्यांचे हार. सगळं वाचून झालं की उगाच उठून विचारून बघा, "आणि कलावंत?" अध्यक्ष म्हणतील, "ते आपलेच आहेत रे. शाल-नारळ दिला की!"

हे संपादकीय त्या एका वाक्याविरुद्ध आहे.

मराठीत कामावरून हाकलण्यालाही 'नारळ देणं'च म्हणतात. दोस्तांनो, भाषा कधी कधी आपल्याआधी खरं बोलून जाते. ज्याच्या हाताला शाल-नारळ लागतो त्याला टाळ्या मिळतात, फोटो मिळतो, 'लोकशाहीर' ही पदवी मिळते. दुसऱ्या दिवशी सकाळी घरातलं तांदळाचं डबडं वाजतं तेव्हा त्यात पदवी ओतून भागत नाही.

*

ज्याच्याविषयी लिहितोय त्याचं नाव छापत नाही. कारण तो एकटा नाही. वरळीच्या बीडीडी चाळीत तो आहे, घाटकोपरच्या रमाबाई नगरात आहे, चेंबूर, भांडुप, कळवा, उल्हासनगर, पिंपरी, नागपूरच्या इंदोऱ्यात आहे. दिवसा तो पेंटर. दुकानाच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, विहाराच्या भिंतीवरचा बुद्ध, चौकातले बाबासाहेब. रात्री तो गायक. गायन पार्टीत पेटी नाहीतर ढोलकी, लग्नात मंगल परिणयाची गाणी, पुण्यानुमोदनात दुःखाची गाणी, जयंतीला स्टेज. दोन्ही कला त्याच्या. दोन्ही अर्धपोटी.

त्याचं वर्ष कॅलेंडरवर मांडून बघा. ११ एप्रिल जोतिबांची जयंती, १४ एप्रिल बाबासाहेबांची, मे महिन्यात बुद्धपौर्णिमा, मध्ये लग्नांची गर्दी. रंगाच्या ऑर्डरी आणि गाण्याच्या सुपाऱ्या ह्याच सात-आठ आठवड्यांत एकमेकींच्या अंगावर पडतात. बॅनर १३ तारखेच्या संध्याकाळपर्यंत टांगलेला हवा, आणि त्याच रात्री बाराच्या ठोक्याला गाणं उभं राहिलं पाहिजे. माणूस एक, रात्र एक, हात दोन. ब्रश ठेवतो तर कमिटी शिव्या घालते, ढोलकी ठेवतो तर पार्टी.

मग जून येतो. पावसात भिंत ओली, एनॅमल दिवसभर चिकट राहतं, सुकत नाही. ओल्या हवेत ढोलकीचं कातडंही उतरतं, थाप बसकी येते. उघड्यावरचं स्टेज बंद. एप्रिलात ज्या दोन कला रात्रीसाठी भांडत होत्या त्या जुलैत दोघी मिळून उपाशी बसतात. तेव्हा तो नाक्यावर उभा राहतो, गोणी उचलतो, बिल्डिंगच्या गेटवर रात्रपाळी करतो, पाठीवर चौकोनी बॅग लावून लोकांना गरम जेवण पोचवतो. विजयादशमीला दीक्षाभूमी, ६ डिसेंबरला चैत्यभूमी, १ जानेवारीला भीमा कोरेगाव, ७ फेब्रुवारीला रमाई जयंती : तिथे तिथे थोडं काम निघतं. की परत एप्रिल.

आता त्याचं अंग बघा. दिवसभर थिनर आणि टर्पेंटाइनचा वास छातीत घेतलेला माणूस रात्री वरच्या पट्टीत गातो. घसा कोरडा पडतो, ताण घेताना खोकला येतो. लोक म्हणतात, "आज आवाज लागला नाही." आवाज त्यांनी सकाळीच भिंतीला लावलेला असतो! आणि रात्रभर ढोलकीवर थाप मारलेला हात सकाळी शिडीवर चढून सरळ रेघ ओढू बघतो तेव्हा बोटं थरथरतात. बाबासाहेबांच्या चष्म्याची काडी ओढायला हात थरथरून चालत नाही. एक कला दुसरीचं मटेरियल खाते. ही ओढाताण कुठल्या समीक्षेच्या पुस्तकात सापडणार नाही. तिथे फक्त 'प्रतिभेची बहुविधता' सापडते.

खोली दहा बाय बारा. चित्र सुकायला पॅसेजमध्ये ठेवलं तर पोरांचे हात लागतात. रियाजाला बसलं तर शेजारचा तिसऱ्या पाळीहून आलेला माणूस भिंतीवर बुक्की मारतो, आणि त्याचंही खरं असतं. खोकं उघडलं की वासानं घरातलं तान्हं रडतं. प्रस्थापितांच्या भाषेत ह्याला 'स्टुडिओ' म्हणत नाहीत.

आणि तो 'ती' असेल तर? आपल्या स्टेजवर गाणाऱ्या बाया पुष्कळ आहेत. स्वयंपाक उरकून, पोरं निजवून, नवऱ्याची परवानगी घेऊन येतात. कार्यक्रम संपल्यावर बिदागी नवऱ्याच्या नाहीतर पार्टीप्रमुखाच्या हातात जाते. भिंत रंगवणारी बाई तर आपण शिडीवर चढूच देत नाही. तेव्हा पुढे जिथे जिथे 'तो' लिहिलंय तिथे 'ती'ही वाचा, आणि तिच्या डोक्यावर घरकामाचं ओझं जास्तीचं धरा.

*

शहाणी माणसं त्याला सल्ला देतात. "एक काहीतरी धर बाबा. एक ना धड, भाराभर चिंध्या." हा सल्ला देणाऱ्यांत आपलेही साहेब झालेले लोक आहेत.

पहिली गोष्ट, चिंध्यांचीच वाकळ होते. आपल्या बापजाद्यांची थंडी वाकळेनंच गेली, रेशमानं नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. कलेचे हे कप्पे कुणी केले? चित्र एका इमारतीत, गाणं दुसऱ्या घराण्यात, नाच तिसऱ्याच्या अंगणात, आणि एकाचा वारा दुसऱ्याला लागू द्यायचा नाही. ह्या रचनेचा वास ओळखीचा नाही वाटत? बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त सांगून ठेवलंय की जात नुसती कामाची वाटणी करत नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी करते. वरच्या मजल्यावरचा माणूस खालच्या मजल्यावर येणार नाही, खालचा वर जाणार नाही. कलेच्या प्रांतातही तेच. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झालं. तिथे शिकलेला तो चित्रकार. पाटी रंगवून हात बसवलेला तो नुसता 'पेंटर'. गुरूकडे गंडा बांधलेला तो गायक. वस्तीत गाऊन तयार झालेला तो 'गाणी म्हणणारा'. भिंतीवरून गॅलरीत एखादाच जातो. मकबूल फिदा हुसेन ह्याच मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवत होते, ते पुढे जगभर गेले. त्यांचं नाव सांगून आपल्या प्रत्येक पेंटरला गप्प करतात : "बघ, जिद्द असली की होतं." होर्डिंगं रंगवणारे बाकीचे शेकडो हात कुठे गेले, ते कुणी सांगत नाही.

खाली, मातीला लागून, चित्र आणि गाणं वेगळं नव्हतंच. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळी गाव आहे. तिथले ठाकर आदिवासी चित्रकथी करतात. कागदावर रंगवलेल्या चित्रांची एक पोथी, म्हणजे एक गोष्ट. एकेक चित्र लोकांसमोर धरायचं आणि वीणा-हुडूक-टाळाच्या साथीवर ती गोष्ट गायची. रंगवणारी, गाणारी, सांगणारी माणसं तीच. ह्याच गावच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. म्हणजे दिल्लीलाही कळलं की गळा आणि ब्रश एका घरात नांदतात. पण ह्याचं कौतुक करताना डोळे उघडे ठेवा. चित्रकथीच्या गोष्टी रामायण-महाभारताच्या, आणि आश्रय देवळाचा नि राजवाड्याचा. आपल्याला तिथे परत जायचं नाही. एवढंच ध्यानात ठेवायचं की दोन कला पेलणं ही चंचलपणाची खूण नाही. ती आपल्या लोकांची जुनी रीत आहे.

आणि ज्याला कुणाचीच साक्ष पटत नाही त्यानं बाबासाहेबांकडे बघावं. मधुमेहानं पोखरलेलं शरीर, डोक्यावर घटनेचं, हिंदू कोड बिलाचं, धम्माच्या ग्रंथाचं काम. त्या माणसानं उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतलं. चित्रकलेचेही धडे घेतले. आपण त्यांचा कोट घेतला, टाय घेतला, वर केलेलं बोट घेतलं. चौकाचौकात पुतळा उभा केला. त्यांच्या हातातलं व्हायोलिन आणि ब्रश मात्र आपल्याला गैरसोयीचे वाटले, म्हणून पुतळ्यातून वगळले. ज्या माणसानं अख्ख्या समाजाला माणूसपण मिळवून दिलं त्याला ठाऊक होतं की भाकर, हक्क आणि सूर यांत नंबर लावायचे नसतात. माणूस पूर्ण होतो तेव्हा तिन्ही मागतो.

*

आता मुद्द्यावर येतो. इंग्रजी पेपरांत हल्ली 'स्वतंत्र कलावंत' असा शब्द वापरतात. कुठल्या कंपनीचा नाही, कुठल्या संस्थेचा नाही, आपल्या मर्जीचा मालक. ऐकायला झकास. पण स्वतंत्र कुणापासून? ज्याच्या बापाचा दादरला फ्लॅट आहे तो भाड्यापासून स्वतंत्र. ज्याची बायको बँकेत आहे तो किराण्यापासून स्वतंत्र. आमचा पेंटर-गायक फक्त पगारापासून स्वतंत्र आहे. पीएफपासून, सुट्टीपासून, औषधाच्या बिलापासून स्वतंत्र आहे.

ह्या स्वातंत्र्याला आपल्या इतिहासात एक जुनं नाव आहे. बलुतं.

आठवा. गावात लग्न असो, जत्रा असो, मयत असो, दवंडी असो : मांगवाड्यातून, महारवाड्यातून माणूस बोलावला जायचा. हलगी वाजव. वाजवायला त्याला आवडतं का, अंगात ताप आहे का, घरी पोर मेलंय का, हा सवाल नव्हता. नाही म्हणायची सोय नव्हती. मोबदला? सुगीला पेंढी, सणाला शिळंपाकं, खुश झाला तर पाटलाचं जुनं धोतर. कला त्याच्या बोटात होती, पण बोटं गावाची होती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात महार वतनाचं बिल मांडलं. त्यांचा दावा सरळ होता : ह्या माणसाच्या कामाला वेळेची हद्द नाही, मोबदला ठरलेला नाही, घरातल्या कुणालाही कधीही राबायला बोलावतात, हे बंद करा. पुढे १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ वतनं मोडली. तोवर आपल्या लोकांनी आपल्या हातांनी कित्येक हलग्या फोडल्या होत्या, डफ जाळले होते. त्यात पिढ्यांचं कसब गेलं. तरी त्यांनी बरोबर केलं. गुलामीचा सूर कितीही गोड असला तरी तो मोडावा लागतो.

मग त्याच घरातला पोरगा आज ढोलकी का उचलतो? कारण ही ढोलकी त्यानं निवडली आहे. आंबेडकरी जलशांनी हेच केलं. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी तमाशाचा साचा घेतला आणि आतला माल बदलला. मालकाच्या दारातलं वाद्य चळवळीच्या मंचावर आलं. वामनदादा कर्डकांनी (१९२२–२००४) गावोगाव फिरून हजारो गाणी लिहिली, गायली. ज्या आयांना अक्षर येत नव्हतं त्यांना घटना, धम्म, महाड, चवदार तळं ही सगळी शाळा गाण्यानं शिकवली.

हलगी आणि ढोलकी यांत मग फरक काय? चामडं तेच, हात तोच. फरक दोन गोष्टींचा. एक, नाही म्हणायचा हक्क. दोन, ठरलेला दर. ह्या दोन गोष्टी असल्या तर तो कलावंत. नसल्या तर तो परत बलुतेदार, मग समोर पाटील असो की जयंती कमिटीचा अध्यक्ष. शाल-नारळ म्हणजे पाटलाचं जुनं धोतरच. फक्त नव्या घडीचं, आणि निळ्या मांडवात दिलेलं.

*

आपल्याच मांडवात काय चाललंय ते बोलू या. फ्लेक्स आला साधारण २००० सालाच्या आगेमागे. कापडी बॅनर गेला, सुतळीला खडू लावून मारलेली रेघ गेली, अक्षराचं वळण गेलं. आता एखादं पोरगं मोबाईलवर दहा मिनिटांत डिझाईन करतं. फ्लेक्सवर कोपऱ्यात बाबासाहेब, मध्ये भाऊ, खाली पन्नास मिशाळ चेहरे. पेंटरकडे भिंतीचं काम आलंच तर फर्माईश येते, "भाऊंचा चेहरा जरा मोठा घे." गाणाऱ्याला चिठ्ठी येते, "भाऊंचं नाव एका कडव्यात बसव." जो बसवतो त्याला पुढल्या वर्षी बोलावणं. जो म्हणतो, "बाबासाहेबांच्या गाण्यात दुसऱ्याचं नाव बसत नाही," त्याला नारळ. खऱ्या अर्थानं.

मी यंत्राच्या विरोधात नाही. मी गोदीत काम करतो. यंत्र काय करतं ते रोज बघतो. कंटेनर आला, १९८९ साली न्हावा-शेवा सुरू झालं, आणि मुंबई बंदरातलं हुकानं ओढायचं काम बघता बघता आटलं. क्रेनला शिव्या देऊन क्रेन परत जात नाही. विचारायचं असतं ते हे की वाचलेला पैसा कुणाच्या खिशात गेला? फ्लेक्सनं आणि डीजेनं वाचवलेला पैसाच नाही. जयंतीचा खर्च वाढला आहे. वाढलेला सगळा पैसा भाड्याच्या यंत्राला गेला आणि वस्तीतल्या माणसाचा वाटा शून्यावर आला.

रात्रभरचे मुकाबलेही गेले. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद. वर्षातले मोजके दिवस बाराची सवलत. कायदा आजाऱ्यांसाठी, परीक्षेच्या पोरांसाठी आहे, तो पाळावाच. पण मग कमिटी काय करते? सहा ते साडेनऊ भाषणं आणि सत्कार. दहाला वीस मिनिटं उरली की म्हणते, "शाहीर, दोन गाणी उरका." छाती फाटेपर्यंत वाजणाऱ्या डीजेला मिरवणुकीत पूर्ण दिवस, आणि ज्याचे शब्द त्या डीजेत वाजतात त्याला वीस मिनिटं!

शब्दांचंही ऐका. आपल्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात कवी आपलं नाव गुंफतो. ही त्याची सही. डीजेचा रिमिक्स दोन कडव्यांवर संपतो. सहीच कापली जाते. पोरं नाचतात, कवी कोण ते ठाऊक नाही. कॅसेटच्या जमान्यात किती गाणी एकरकमी चिल्लरीवर विकली गेली त्याची मोजदाद नाही. म्हणून प्रत्येक लिहिणाऱ्या-रंगवणाऱ्यानं हे पाठ करावं : १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं गाणं, चाल, चित्र ह्यांवर निर्मात्याचा हक्क आहे, हयातभर आणि मरणानंतर ६० वर्षं. हक्क विकला तरी 'हे माझं आहे' म्हणायचा अधिकार विकला जात नाही. आणि २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा करारात लिहून घेऊनही काढून घेता येत नाही. कागद वाचल्याशिवाय अंगठा उठवू नका. आपल्या बापांनी सावकाराकडे जो उठवला तो पुरे झाला.

*

आक्षेप येणार, ते ठाऊक आहेत.

पहिला : "चळवळ म्हणजे धंदा आहे का?" नाही. म्हणूनच चळवळीत वेठ चालणार नाही. मांडववाल्याला तुम्ही चळवळीच्या नावानं फुकट मांडव मागता का? जनरेटरवाल्याला डिझेलऐवजी शाल देता का? मग बांधिलकी फक्त गळ्याकडून आणि ब्रशकडूनच का वसूल करता?

दुसरा : "पैसा आला की कलावंत बिघडतो, कुणाच्याही स्टेजवर गातो." गातात काही, खरंय. पण उपाशी कलावंत आधी विकला जातो, हे निवडणुकीच्या मोसमात बघा. ज्याच्या घरात महिन्याचं राशन आहे तो चिठ्ठी परत करू शकतो. नाही म्हणायला ताकद लागते, आणि ताकदीला भाकर लागते.

तिसरा : "सरकार देतं की मानधन." देतं, ज्येष्ठ कलावंतांना. पन्नाशी ओलांडल्यावर, कागदपत्रांची चळत लावल्यावर. तिशीतल्या माणसानं पन्नाशीपर्यंत काय खायचं? अण्णाभाऊ साठे चिराग नगरच्या झोपडपट्टीत राहून लिहीत होते. शाहीर, कथाकार, कादंबरीकार, गिरणीतही राबले. १८ जुलै १९६९ ला गेले, पन्नाशी गाठलीच नाही. २००२ साली त्यांचं टपाल तिकीट निघालं, २०२२ साली मॉस्कोत पुतळा बसला. मेलेल्या शाहिराला दगड आणि जिवंत शाहिराला नारळ. दोन्ही खाता येत नाहीत.

आणि कलावंत दोस्ता, तुझ्याशीही बोलायचंय. दर मागणार असशील तर माल चोख पाहिजे. सिनेमाच्या चालीवर शब्द चिकटवून किती दिवस काढशील? चाल तुझी कर. कॅलेंडरवरचे बाबासाहेब चौकोन आखून मोठे करणं म्हणजे चित्र नव्हे. त्यांना वाचताना रंगव, दमलेले रंगव, व्हायोलिन धरलेले रंगव. नागपूरच्या सवी सावरकरांनी गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू बांधलेला माणूस असा रंगवला की पेशवाई अंगावर येते. तसं बघायला शीक. वेळेवर ये, पिऊन येऊ नकोस, साथीदाराचे पैसे दाबू नकोस, गाणाऱ्या बाईचे पैसे तिच्याच हातात दे. हक्काला हीच जोड आहे.

*

हमालाला दर मिळाला तो कुणाच्या दयेनं नाही. गोदी कामगारांसाठी १९४८ साली कायदा झाला, माथाड्यांसाठी १९६९ साली. नोंदणी, ठरलेली मजुरी, मालकानं पैसे बोर्डात भरायचे, वर लेव्ही; त्यातून पीएफ, ग्रॅच्युइटी. कंत्राटदार ह्या कायद्यांना कशी गळती लावतात तेही आम्हाला ठाऊक आहे. तरी पाठीवरच्या गोणीला दर असतो हे मान्य करायला लावलं. गळ्यातल्या गाण्याला असतो हे अजून मान्य करायला लावायचं आहे. सुरुवात सरकारच्या दारातून नको. आपल्या मांडवातून करा.

आमच्या मागण्या अशा :

१. प्रत्येक जयंती कमिटीनं बजेटमध्ये कलावंतांचं खातं वेगळं काढावं आणि ते डीजेच्या खात्यापेक्षा कमी नसावं.

२. बिदागी आधी ठरवावी, कागदावर लिहावी, अर्धी आगाऊ द्यावी. साथीदारांची नावं आणि रकमा वेगळ्या लिहाव्यात; बाईची रक्कम बाईच्या हातात.

३. फ्लेक्सच्या गर्दीत वस्तीतली एक भिंत तरी पेंटरला द्यावी. रंगाचे पैसे वेगळे, मजुरीचे वेगळे, आणि खाली त्याची सही.

४. गाणं वाजेल तिथे कवीचं नाव जाहीर व्हावं. शेवटचं कडवं कापू नये.

५. विहाराची खोली दिवसाचे चार तास रियाजाला आणि चित्राला उघडी असावी. कुलूप लावलेल्या खोलीत धम्म वाढत नाही.

६. म्हाताऱ्या शाहिरांच्या वह्या रद्दीत जाण्याआधी गोळा कराव्यात, त्यांच्या परवानगीनं उतरवून घ्याव्यात. मोबाईल सगळ्यांकडे आहे. रील काढायला वेळ आहे, तर वहीचा फोटो काढायलाही असावा.

७. सत्कार करायचाच असेल तर पाकीट आधी, शाल नंतर.

हे पत्रक गरीब आहे, कागदवाल्याची उधारी आहे. तरी ह्या अंकापासून मुखपृष्ठाच्या चित्राला आणि छापलेल्या प्रत्येक कवितेला आम्ही मानधन देणार. रक्कम चहा-वडापावच्या आसपासची आहे. पण ठरलेली आहे आणि छापून सांगितलेली आहे. जो स्वतः देत नाही त्यानं दुसऱ्याला दर शिकवू नये.

वाचकांनो, तुमच्या वस्तीतली कमिटी ह्या आठवड्यात हिशेबाला बसेल तेव्हा हा अंक घेऊन जा. शेवटच्या बाकावर बसू नका. वही हातात घ्या, बोट ठेवून विचारा : रंगवलं कुणी? गायलं कुणी? त्यांच्या नावापुढे रक्कम किती? रकाना रिकामा असेल तर बैठक तिथेच थांबवा. पुढच्या जयंतीची पहिली ओळ तिथून लिहा.

जय भीम.